तीन आकडी कुलूप

फळ्यावरच्या खुणा वाचायच्या, तर्क लढवून तीन आकडे शोधायचे आणि पेटीचं कुलूप उघडायचं. नव्या सरांच्या या खेळापायी मुलं मधली सुट्टीही विसरायची. वीस वर्षं पाढे घोकून घेणाऱ्या मोहितेबाईंच्या पोटात दुखायला लागलं. एकदा वर्ग रिकामा पाहून त्यांनी उघड्या कुलपाचा आकडाच बदलून टाकला.

त्या तासाला मुलांनी डोकी खाजवली, सरांना घाम फुटला, पण कुलूप काही उघडेना. गलका ऐकून बाई तरातरा आत आल्या.

"एवढंसं जमेना होय? सरका बाजूला!"

त्यांनी झरझर आकडे फिरवले. कुलूप खटकन उघडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई फुलून गेल्या.

एकट्या पौर्णिमाने टाळी वाजवली नाही.

"बाई, तुम्ही तर फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आकडे कसे कळले?"