रवाना झालेलं लाकूड

ट्रॅक्टर चालवणाऱ्या सावेलीच्या हातातला डिझेलचा डबा कापितोलिनाने काढून घेतला. तो मागे सरकला. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा राहिला आणि सिगारेट पेटवायला काढली, मग डबा पाहून परत खिशात टाकली.

मुकादम रोदिओन लुकिचने कापितोलिनाला सकाळीच वरच्या रानात फांद्या छाटायला धाडलं होतं. आज तिने इथं असू नये म्हणूनच धाडलं होतं. ती वाटेत ट्रकमधून उतरली आणि चिखल तुडवत परत आली.

रुळांच्या कडेला पाइनच्या ओंडक्यांची थप्पी होती, वस्तीतल्या कुठल्याही घरापेक्षा उंच. गेल्या हिवाळ्यात तोडलेलं लाकूड. ते न्यायला मालगाडीचे डबे यायचे होते, ते आलेच नाहीत. उन्हाळाभर साली सुटत गेल्या, बुंधे काळे पडले, फटीफटीतून भूछत्रं उगवली. वर कळवलं होतं ते मात्र वेगळं. लाकूड केव्हाच रवाना झालं होतं, लाख्ता वस्तीने योजनेचा आकडा गाठला होता आणि पहिल्या क्रमांकाचा लाल झेंडा कचेरीत लागला होता. आता शहरातून तपासणीचं पथक निघालं होतं. गेलेलं लाकूड रुळांशेजारी दिसून चालणार नव्हतं, म्हणून ते आज जाळायचं होतं.

याच थप्पीतले ओंडके वसंतात कापितोलिनाच्या नवऱ्याने, आर्सेनीने नेले होते. त्यांच्या घराचे बुडाचे ओंडके कुजले होते, जमिनीच्या फळ्या खचत चालल्या होत्या. आर्सेनीने आधी रीतसर मागून पाहिलं. लाकूडतोड्यांच्या वस्तीत लाकूड मिळेना, म्हणून तो पुष्कळ हसलाही होता. मग एके दिवशी त्याने ट्रॅक्टरला साखळी अडकवली आणि सगळ्यांच्या देखत ओंडके ओढत घरी नेले. ते परत आणून थप्पीवर रचले गेले आणि सरकारी लाकूड चोरलं म्हणून आर्सेनीला तीन वर्षांची शिक्षा झाली. साक्ष रोदिओन लुकिचची होती. बोलताना त्याने आर्सेनीकडे एकदाही पाहिलं नाही, तेवढंच कापितोलिनाच्या लक्षात राहिलं होतं.

आता त्याने तिच्याकडेही नीट पाहिलं नाही. हे काम तुझं नाही, घरी जा, आजचा दिवस भरलेला धरतो, असं म्हणाला. कापितोलिना डब्याचं झाकण फिरवत राहिली. घट्ट बसलं होतं ते.

मुकादमाने सावेलीकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "खालच्या थरातले अजून धड असतील, कापितोलिना. सावेलीला सांगतो, चारसहा तुझ्या दारात टाकेल. मी काही बघितलं नाही."

"वसंतात बघितलं नसतंत तर?"

"तेव्हा ते लाकूड होतं. एकेका ओंडक्याचा जाब मला द्यायचा होता."

"आणि आता?"

"आता ते नाहीच आहे."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या आधीच्या मुकादमाने एका वर्षी खरा आकडा वर कळवला होता. तो आता स्टेशनवर फलाट झाडत असे, आणि रोदिओन लुकिच दर वेळी गाडीला जाताना त्याला ओळख न दाखवता पुढे जाई.

कापितोलिना थप्पीकडे बघत उभी राहिली. हिवाळा तोंडावर आला होता. चार ओंडक्यांनी घर उभं राहिलं असतं, हे तिलाही कळत होतं. मग आर्सेनी सुटून येईल, दारात बूट काढेल, आत पाय टाकेल आणि विचारेल, फळ्या कशा काय पक्क्या झाल्या. त्याला काय सांगायचं, ते तिला सुचेना.

"नको," ती म्हणाली. "ज्याच्यापायी तो तिकडे बसलाय, ते मी आणून त्याच्या पायाखाली घालू?"

झाकण निघालं. तिने थप्पीच्या एका टोकापासून ओतायला सुरुवात केली, घाई न करता, भाजीला पाणी घालावं तसं. डबा रिकामा झाला तेव्हा तिने काड्यांची पेटी मुकादमापुढे धरली.

रोदिओन लुकिचने पेटी घेतली. पहिली काडी मोडली. दुसरी वाऱ्याने विझली. सावेली नाइलाजाने पुढे आला आणि त्याने ओंजळीचा आडोसा केला, तेव्हा कुठे जाळ धरला. ओलं लाकूड बराच वेळ नुसतंच धुमसलं. पिवळा धूर वस्तीवर पसरला, दोरीवरचे कपडे काढायला बायका धावल्या. मग आत कुठेतरी राळ पेटली आणि थप्पी एकदम कडाडून उठली.

लोक घराघरांतून बाहेर आले. सगळ्यांनी हेच लाकूड तोडलं होतं, ओढलं होतं, रचलं होतं. उस्तिन्या आजीने आधी छातीवर क्रूसाची खूण केली, मग थोडा वेळ घुटमळली आणि हळूच दोन्ही तळवे आगीकडे धरले. तिच्या मागोमाग इतरही पुढे सरकले. आगीभोवती कडं झालं.

कापितोलिना कड्याच्या बाहेर उभी होती. तिने हातमोजे काढले, जाड कोटाची बटणं सोडली आणि मुकादमापाशी येऊन थांबली.

"रोदिओन लुकिच, ही ऊब सरकारीच ना? घेतली तर चालेल?"

सावेली हसायला गेला आणि हसला नाही. मुकादम आगीकडे बघत राहिला. चेहरा तापून लाल झाला तरी बघत राहिला. मग तो बाजूला सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.