टाकीपलीकडचा अँटेना

"आलं का चित्र?" थोरल्याने गच्चीच्या कठड्यावरून खाली तोंड घालून विचारलं.

"गेलं!" खिडकीतून बायको.

"अगं, मी अजून हातच लावला नाही!"

"मग कोणी लावला? पडद्यावर नुसते चौकोन चौकोन झालेत."

थोरला चक्रावला. काल असा काही वारा सुटला होता, की दोरीवरचा पायजमा पुढच्या गल्लीत एकटाच चालत जाताना लोकांनी पाहिला. त्याच वाऱ्याने अँटेनाचा खांब फिरला, पकड ढिली झाली. आणि आज लेक पहिल्यांदा टीव्हीवर बातम्या सांगणार होती. सगळ्या जगाला सांगून झालं होतं, नि बापाच्याच घरात चित्र नाही.

त्याने अँटेना टीव्ही टॉवरकडे वळवला. काही नाही. उलटा फिरवला, गोंजारला, दोन शिव्या हासडल्या. तरी काही नाही. वैतागून कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर खालून आरोळी, "आलं, आलं! तिथेच धरा!"

"काय धरू? कंबर?"

"काय हवं ते धरा, पण हलू नका!"

तो कंबर धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. चित्र पुन्हा गेलं.

"हललात ना?"

"श्वाससुद्धा घेतला नाही गं!"

आपल्या अंगातच काहीतरी बिघाड आहे, असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागे खडखड झाली. टाकीपलीकडची गच्ची धाकट्याची. घराची वाटणी झाल्यापासून भाऊ बोलत नव्हते, जावा बोलत नव्हत्या. इतकंच काय, दोन्ही घरची मांजरंसुद्धा एकमेकांना बघून तोंड फिरवायची. तरी थोरल्याने मान लांब केली. धाकटा घामाघूम होऊन वाऱ्याने ढिला झालेला आपला अँटेना पिरगाळत होता. त्याने तो टॉवरकडे वळवला आणि खालून थोरल्याची बायको किंचाळली, "आलं!"

थोरल्याने धाकट्याच्या अँटेनाच्या वायरीवर नजर रोखली. काळी वायर टाकीखाली शिरली नि बाहेर पडून सरळ थोरल्याच्याच भिंतीवरून उतरली. थोरल्याची गेली होती धाकट्याकडे. वाटणीच्या वेळी फिटरने घोळ घातला होता. दोन्ही अँटेनांचं तोंड एकाच दिशेला होतं, तोवर कोणाला पत्ताच नव्हता.

"हलू नकोस!" थोरला ओरडला. इतक्या वर्षांत भावाशी बोललेले हे पहिले शब्द.

धाकट्याने वायर पाहिली, मग भावाला पाहिलं. "तरीच! तू तिकडे कुस्ती खेळतोयस नि इथे माझा टीव्ही नाचतोय."

"तुला रे कधीपासून बातम्यांचं वेड?"

"बातम्या कोण बघतंय? आपली पोरगी दिसणार आहे ना!"

खाली बातम्यांचं संगीत सुरू झालं. थोरल्याने आपला अँटेना टॉवरकडे वळवून घट्ट धरला. दोन्ही खिडक्यांतून एकदम आवाज आला, "दिसली!"

आता दोघेही अडकले. ज्याने हात सोडला, त्याने दुसऱ्याचं चित्र घालवलं.

"जा दादा," धाकटा म्हणाला. "लेक तुझी. मी हा सोडत नाही."

"मी सोडला तर तुमच्याकडचं जाईल."

धाकट्याने एक हात खांबावर तसाच ठेवला, कठड्यावरून वाकला आणि आपल्या खिडकीकडे तोंड करून ओरडला, "अगं, टीव्ही बंद कर आणि पळ वहिनीकडे!"