प्रतिवादी मस्कतला आहे

सातासमुद्रापार गेलेल्या माणसाला कुठलाही कायदा हात लावू शकत नाही, असं गुणाजीकाकांनी रोह्याच्या एसटी स्टँडवर जाहीर केलं. ते अष्टमी गावातल्या घरी पोचले, तेव्हा पेणच्या कोर्टाचा बेलीफ पुतण्याच्या नावाचं समन्स देऊन शेजारच्या घरात चहा पीत बसला होता.

पुतण्या धनेश वर्षाच्या करारावर मस्कतला गेला होता. तो निघाला त्या दिवशी पुलाजवळ त्याच्या फोटोचा शुभेच्छा फलक लागला. असा फलक लागला की माणसाला मुदतीआधी परतायची सोय उरत नाही. त्याची बायको पूजा घरच्या व्हॅनमधून धाटावच्या कंपन्यांत जेवणाचे डबे पोचवायची. धनेश गेल्यापासून डबे दुप्पट झाले. एकट्या बाईला हे जमतं कसं, याचं आळीला कौतुक होतं.

दावा साईराजचा. पेणला गणपतीच्या कारखान्यांमागे त्याची जागा होती, गाडी लावू नये अशी पाटी असलेली. धनेश गेल्यानंतर आलेल्या गणपतीत, मूर्ती रवाना होण्याच्या ऐन घाईत, त्याची व्हॅन तिथे आडवी लागली, टेम्पो आत अडकला आणि एका मंडळाचा गणपती चतुर्थी उलटून गेल्यावर मांडवात पोचला. भरपाई द्या, नाहीतर व्हॅन जप्त करा, असं साईराजचं म्हणणं.

व्हॅन गेली की डबे गेले, आणि डबे गेले की घर बसलं. पूजानं हे काकांना सांगितलं आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

काकांनी धनेशला फोन लावला. आधी तिकडची हवा विचारली. गरम आहे, असं तो म्हणाला. मग मुखत्यारपत्र पाठव, मी कोर्टात उभा राहतो, असं काकांनी सुचवलं. त्यावर आपल्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि तिथे रांग फार, असं धनेशनं कळवलं.

"मग तू टाय लावून पडद्यावर नुसता दिस," काका म्हणाले. "बाकी मी हाय."

साईराजनं एक चूक केली होती. गाडीचा नंबर देऊन तो थांबला नाही. चालवणारा माणूसही ओळखतो, तो धनेशच होता, असं त्यानं लिहून दिलं. धनेशच्या वकिलांना हे वाचून जेवण गोड लागलं. नंबर उतरवताना साईराज चुकला असणार, असं म्हणत त्यांनी व्हिसा आणि जाण्याचं तिकीट जोडलं.

तारखेला कोर्टात पडदा लागला. धनेश टाय लावून बसला होता, मागे पांढरी भिंत.

"बाईसाहेब, हाच व्हता," साईराज न्यायाधीशबाईंना म्हणाला. "मिशीपण हीच. मी हाक मारली तर पापडाचा गठ्ठा घेऊन गाडीत बसला नि पळाला."

"पेणचे पापड इथे मिळत असते, मॅडम," धनेश शांतपणे म्हणाला, "तर मी एवढा वाळलो नसतो."

कोर्टात हशा पिकला. काकांना धनेश उलट अंगानं भरल्यासारखा दिसला. पण साक्षीदारांत त्यांचं नाव नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आत्ता कुठे आहात?"

"मस्कतला. कंपनीच्या खोलीवर."

"खोलीत आणखी कोणी आहे?"

"कोणी नाही, मॅडम. एकटाच असतो."

शेवटचे शब्द बोलून त्यानं टायच्या टोकाला नाक पुसलं. पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. साईराजसुद्धा जरा ओशाळला. माणसासारखी माणसं असतात, आपलीच नजर चुकली असेल, असं तो वकिलाच्या कानात कुजबुजला.

बाई निकाल सांगू लागल्या आणि टंकलेखक टाइप करू लागला. घटनेच्या वेळी प्रतिवादी परदेशी होता, सबब दावा फेटाळण्यात येतो. काकांनी मांडीवर थाप मारली. धनेशनं पडद्यावरून सगळ्यांना हात जोडले.

तेवढ्यात पडद्यातून शिडी करकरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाईमाणसाचा.

"अहो, संपलं असेल तर माळ्यावरून उतरा नि तेवढा सिलिंडर बदलून द्या. डब्यांची आमटी अर्ध्यावर राहिलीय."