गुंड्याची संमती

"गुंड्या, तुझ्या मेंदूत एक तार घालायची आहे. चालेल ना रे?" समितीचे अध्यक्ष प्रभुदेसाई पिंजऱ्याशी वाकून लाडीगोडीने म्हणाले.

माकडाच्या गळ्यातला पट्टा त्याच्या मनातलं बोलला, "नाही."

"त्याला प्रश्न समजला नसावा. पुन्हा विचारू," प्रभुदेसाई म्हणाले.

नव्या कायद्याने प्रयोगाआधी जनावराची संमती सक्तीची केली होती. किती वेळा विचारायचं, हे मात्र त्या शहाण्यांनी लिहिलंच नव्हतं. समितीवरच्या पशुवैद्य शालन टेंगसे ही थेरं बघत बसल्या होत्या. गुंड्याला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, आणि बैठक लांबवून समितीलाही.

प्रभुदेसाईंनी केळं सोलून गुंड्याच्या नाकापुढे धरलं आणि पुन्हा विचारलं.

"हो," पट्टा म्हणाला. टाळ्या वाजल्या. आता त्याला प्रश्न समजला का, अशी शंका एकालाही आली नाही.

"मग सगळ्यांची मंजुरी ना?" सदस्यांनी जेवणाच्या टेबलाकडे बघत माना डोलावल्या.

"माझी नाही," शालनताई म्हणाल्या.

प्रभुदेसाई गोड हसले. "मॅडमना प्रश्न समजला नसावा."

त्यांनी मटणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पुन्हा विचारलं.