तहानलेले बैल

चाळीसगावहून निघताना बिल्किसच्या सासूनं दमणीचा पडदा आपल्या हातानं बांधला आणि बजावलं, "औरंगाबादेत घर येईस्तोवर हा सुटता कामा नाय." दाऊदमियांनी मान हलवली. लग्नानंतर पहिल्यांदाच ते लेकीला, बिल्किसला, माहेरी नेत होते.

निजामाच्या हद्दीत शिरल्यावर कन्नडच्या घाटात त्यांनी चाकाला दगड लावून बैल सोडले. जाता जाता पडद्याची गाठ सैल केली. "बैलांना पाणी पाजून येतो, बेटा. तू जरा वारं घे."

बिल्किसनं पडदा सारला. सगळा डोंगर पळसानं लालभडक झाला होता. ती बघतच राहिली.

पुढच्या वळणावर बैलांना पुन्हा तहान लागली. त्याच्या पुढच्या वळणावरही.

घरी पोचायला एक दिवस जास्तच लागला. "एवढा उशीर?" अम्मीनं विचारलं.

"अब्बा घाटात सारखे बैलांना पाणी पाजत होते."

अम्मी पदराआड हसली. "त्या घाटात शिमग्याच्या आधीच पाण्याचा थेंब उरत नाय, पोरी. नवी नवरी म्हणून मला तिथनं आणलं, तेव्हाबी त्यांचे बैल असेच तहानलेले होते."