दुपारची तोफ

राजवाड्याच्या चौकात म्हातारा गोलंदाज तोफा ठासून सकाळपासून उभा होता. राणीसाहेबांना मुलगा झाला तर बार काढायचे, मुलगी झाली तर मुकाट्याने घरी जायचं.

मूल पोटात असतानाच महाराज वारले होते. वारस नसला की संस्थान खालसा. त्यासाठी टपलेला गोरा साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. मूल आपल्या डोळ्यांनी बघणार असा त्याचा हट्ट, म्हणून राणीसाहेबांना माहेराहून परवाच आणलं होतं. माहेरी नऊ महिने कसं शांत होतं म्हणे.

शेजारचा शिपाई कानात कापूस कोंबत होता.

"अरे, तोफेला काय भितोस?" म्हातारा म्हणाला. "आमच्या घरात तान्हं पोरसुद्धा दचकत नाही. बुरुजाखाली घर. आईच्या पोटातच रोज दुपारचा बार ऐकतात."

तो बोलत होता, पण त्याचा जीव घरी अडकला होता. सूनही पहाटेपासून कळा देत होती. आणि दोघींना सुईण एकच, त्याची बायको.

तेवढ्यात ती लगबगीने आली. हातात धुतल्या कपड्यांची झाकलेली टोपली.

"सुनेचं काय?"

"मोकळी झाली. ग्लानीत आहे."

"आणि बाळ?"

"आधी राज्याचं होऊ दे," असं म्हणून ती आत गेली.

बऱ्याच वेळाने साहेबाला आत बोलावलं. मग त्यानेच खिडकीतून पांढरा रुमाल हलवला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बत्ती चुकली नाही. राज्य वाचलं होतं.

तो घरी पोचला तेव्हा बायको आधीच परतली होती. सून झोपलेली. त्याने नात मांडीवर घेतली.

"मुलगी तर मुलगी," तो म्हणाला. "आजचा दिवसच चांगला."

बायको पाठमोरी बसून चुलीत लाकूड सारत राहिली.

वर बुरुजावर त्याच्या मुलाने दुपारची तोफ उडवली. मांडीवरची पोर ताडकन दचकली आणि हातपाय झाडत किंचाळायला लागली.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

"मघाशी बार झाले, तेव्हा तू राणीसाहेबांपाशीच होतीस ना?"

"होते."

"कोण कोण दचकलं?"

"राणीसाहेब दचकल्या. साहेबसुद्धा दचकला." तिने मागे वळून पाहिलं नाही. "युवराज झोपले होते. हललेसुद्धा नाहीत."