मेलेल्याला कोण विचारणार

मिनलला लाज म्हणून उरली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकात तिनं स्वतःचा एक प्रवेश घुसडला होता, आणि वर तोच सगळ्यांना कौतुकानं वाचून दाखवत फिरत होती.

"ज्यानं लिहिलं त्याला विचारलंस का?" जाईबाईंनी नातीला सकाळीच धरलं.

"आजी, लेखक जाऊन साठाच्या वर वर्षं झाली. कायद्यानं ते नाटक आता सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हंजे माझंबी. मग मी सांगते, त्याला हात लावायचा न्हाई."

दोन दिवसांवर आलेल्या पौर्णिमेला विहाराच्या हॉलमध्ये प्रयोग होता. नाटकात कामं करणाऱ्या सगळ्या संत तुकाराम नगर वस्तीतल्या बायकाच. मिनल तळवड्याच्या ऑफिसातून सुटली की थेट तालमीला यायची, तर जाईबाई तिच्या आधीच येऊन बसलेल्या. शाळा दुसरीतच सुटलेली, पण ऐकून ऐकून अख्खं नाटक तोंडपाठ.

मूळ नाटकातली सासू सुनेला शेवटपर्यंत टाकून बोलते आणि पडदा पडतो. मिनलच्या नव्या प्रवेशात ती सुनेचे हात धरून माफी मागते.

"त्या माणसानं जीव ओतून एक झणझणीत बाई उभी केली," जाईबाई म्हणाल्या, "आन् तू तिच्यावर साखर भुरभुरतीस. तो उठून भांडायला येणार न्हाई, म्हणून व्हय?"

"त्याचं पुस्तक तसंच राहतंय की. शेवट मी बदललाय, हे मी सुरुवातीलाच सांगणार आहे. समोर बसलेल्या सुनांना काहीतरी मिळायला नको?"

जाईबाईंची सून, मिनलची आई अंजली, भाकरी थापता थापता हसली. "मला तर बाई आवडला तो प्रवेश. आई, मेलेल्या माणसाची एवढी बाजू घेता, जित्यांची कधी घेतली नाहीत."

"तू भाकरी बघ. करपली."

भाकरी करपली नव्हती.

मिनलनं हात जोडले. "आजी, तो प्रवेश काढला तर नाटकात माझं काही उरतच नाही गं. काय केलं म्हणजे ऐकशील?"

जाईबाईंनी अंजलीकडं पाहिलं. ती अजून गालात हसतच होती.

"मेलेल्याचं काय, तो थोडाच बघायला येतोय," जाईबाई नातीला म्हणाल्या. "पण सासू मी हाय. सुनेचं काम हिच्याकडनं काढून दुसऱ्या कुणालाबी दे, मग तू म्हणशील तेवढी माफी मागते."